१०एक्सवर लख्ख, ४०एक्सवर धूसर: बुरशीची स्लाइड नीट दिसत नसेल तर काय तपासायचे

द्राक्षाच्या पानावरचा केवडा असो, भुईमुगाचा टिक्का असो की पावावरची काळी बुरशी, तक्रार एकच येते. मायक्रोस्कोपच्या १०एक्स लेन्सवर तंतूंचे जाळे छान दिसते. ४०एक्स फिरवून आणली की सगळे दुधाळ. बारीक नॉब कितीही फिरवला तरी बीजाणूची कड ठसठशीत होत नाही. मग ‘लेन्स गेली’ असा निकाल लागतो आणि मायक्रोस्कोप कपाटात जाऊन बसतो.

लेन्स खरोखर गेलेली फार क्वचित असते. दोष बहुतेक वेळा स्लाइड बनवण्यात असतो, नाहीतर ४०एक्सच्या टोकाला जी दोन-तीन मिलिमीटरची काच असते तिच्यावर बसलेल्या थरात. खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चाच्या बाजूला जातो. तो मोडून थेट झायलीनच्या (तेल विरघळवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीकडे धावू नका. बऱ्या लेन्स खराब होतात त्या अशाच घाईत.

लक्षणे आधी नीट ओळखा

‘धूसर दिसते’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगळी दुखणी लपलेली असतात. काहीही पुसण्याआधी दोन मिनिटे नुसते बघा.

- फोकस लागतो, पण चित्रावर साय धरल्यासारखी दिसते: टोकाच्या काचेवर थर, किंवा कव्हरस्लिपची गडबड.
- फोकस लागतच नाही, त्याआधी लेन्स काचेला टेकते: स्लाइड उलटी, माउंट (कव्हरस्लिपखालचा द्रवातला नमुना) जाड, किंवा लेन्स दुसऱ्याच मायक्रोस्कोपची.
- अर्धे क्षेत्र स्वच्छ, अर्धे पुसट: लेन्स जागेवर ‘टक्’ बसलेली नाही, किंवा कव्हरस्लिप कलती आहे.
- तंतूंना दुहेरी कडा, भोवती उजेडाची झालर: आयरिस (स्लाइडखालची, उजेडाची वाट लहान-मोठी करणारी झडप) फार बंद.
- ठिपके आणि काड्या, स्लाइड हलवली तरी जागच्या जागी: कुठल्या तरी काचेवरची धूळ.
- दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे, बघून डोके दुखते: आतला प्रिझम सरकला. यावर टेबलावर बसून उपाय नाही, शेवटच्या भागाकडे जा.

हा त्रास ४०एक्सलाच का? १०एक्सचे न्यूमरिकल अॅपर्चर साधारण ०.२५ असते, ४०एक्सचे ०.६५. म्हणजे ४०एक्स नमुन्यातून निघणारे खूप तिरपे किरणही गोळा करते, आणि त्याच जोरावर ती सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवते. पण वाटेतल्या काचेची जाडी थोडी चुकली किंवा थोडा मळ आला, तर सगळ्यात आधी बिघडतात तेही हेच तिरपे किरण. शिवाय १०एक्स स्लाइडपासून काही मिलिमीटर वर असते, तर ४०एक्स जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. स्लाइडवर जे सांडले असेल त्यात बुडते ती ४०एक्सच.

पहिली तपासणी: ओळखीची स्लाइड लावा

दोष मायक्रोस्कोपमध्ये की स्लाइडमध्ये, हे आधी ठरवा. प्रयोगशाळेत चांगली तयार स्लाइड असेल तर ती लावा. नसेल तर यीस्ट. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर कोरडे यीस्ट घालून अर्धा तास ठेवा. वर फेस आला की एक थेंब घ्या, तो फार गढूळ राहणार नाही एवढा पातळ करा आणि कव्हरस्लिप टाका. यीस्टच्या पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनच्या असतात. ४०एक्सवर त्यांची कड एका बारीक रेघेसारखी दिसायला हवी आणि बाजूला फुटलेला छोटा कोंबही ओळखू यायला हवा.

यीस्ट स्वच्छ दिसले तर मायक्रोस्कोप ठीक आहे. लेन्स पुसायचे विसरा, पुढचे दोन भाग वाचा. यीस्टही दुधाळ दिसले तर ते दोन भाग नजरेखालून घालून लगेच प्रकाशाकडे आणि काचांकडे वळा.

दुसरी: स्लाइड उलटी तर नाही ना

ऐकायला हसू येते, पण फोकस ‘लागतच नाही’ यामागे हे कारण सर्वांत जास्त वेळा निघते. स्लाइडची काच १ मिलिमीटरपेक्षा थोडी जाडच असते. स्लाइड उलटी ठेवली की ४०एक्सला नमुन्यापर्यंत पोचायला या काचेतून जावे लागते, आणि तिची पोच तेवढी नाही. १०एक्सची पोच भरपूर, म्हणून तिथे शंकाही येत नाही. नखाने कडेवरून हळूच चाचपा. कव्हरस्लिपची पायरी वरच्या बाजूला लागली पाहिजे.

त्याच वेळी फिरत्या तबकडीला हात लावून बघा. ४०एक्स ‘टक्’ आवाजाने बसली का? अर्धवट बसली तर एका बाजूला काळा चंद्रकोरीसारखा भाग दिसतो किंवा क्षेत्राचा अर्धा भाग पुसट होतो. लेन्स आट्यांमध्ये पूर्ण आवळलेली आहे का, तेही बघा. प्रात्यक्षिकाच्या बॅचमध्ये कुणीतरी तबकडी सोडून लेन्सलाच धरून फिरवतो आणि ती हळूहळू सैल होत जाते.

तिसरी: कव्हरस्लिप आणि माउंट

४०एक्सच्या बाजूला कोरलेले आकडे वाचा. तिथे बहुधा ‘४०/०.६५’ आणि त्याखाली ‘१६०/०.१७’ असे असते. १६० हे नळीच्या लांबीचे माप, मिलिमीटरमध्ये; नव्या मॉडेलांत त्याच्या जागी अनंताचे चिन्ह दिसते. यातला ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची अपेक्षित जाडी, मिलिमीटरमध्ये. लेन्सची सगळी आखणी त्या जाडीची काच मध्ये आहे असे धरून केलेली असते. बाजारात मिळणारी १ नंबरची कव्हरस्लिप ०.१३ ते ०.१६ मिलिमीटरची असते, दीड नंबरची ०.१६ ते ०.१९ची. दोन्ही चालतात. चालत नाहीत त्या पुढच्या गोष्टी.

दोन कव्हरस्लिप एकमेकींना चिकटून आलेल्या असतात. दमट हवेत डबी उघडी राहिली की हे हमखास होते. जाडी दुप्पट झाली की ४०एक्सवर साय आलीच. डबीतून काढताना कव्हरस्लिप बोटांत धरून उजेडाकडे तिरकी करा. मध्ये इंद्रधनुषी वलये दिसली तर त्या दोन आहेत.

कव्हरस्लिपच नाही, असेही होते. जिवाणूंचा वाळवून रंगवलेला स्मिअर १००एक्स तेलाच्या लेन्सखाली उघडा बघतात, कारण तेल आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, १.५१५च्या आसपास. त्यामुळे वर कव्हरस्लिप असली-नसली तरी फार फरक पडत नाही. तोच उघडा स्मिअर ४०एक्सवर बघितला की तो कायम मऊ दिसतो, आणि खापर लेन्सवर फुटते. पाण्याचा छोटा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा, चित्र तिथल्या तिथे सुधारेल.

सर्वांत जास्त त्रास होतो तो जाड माउंटचा. कव्हरस्लिप बरोबर आहे, पण तिच्याखाली पाण्याची किंवा कॉटन ब्लूची (बुरशी रंगवायच्या निळ्या द्रवाची) गादी आहे आणि नमुना त्या गादीच्या तळाशी. मधल्या द्रवाची जाडीही लेन्सला काचेइतकीच नडते. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपला द्रव १० ते १५ मायक्रोलिटर, म्हणजे एक लहान थेंब, पुरेसा. कव्हरस्लिप तरंगत असेल तर कडेला फिल्टर पेपरचा तुकडा टेकवून जादा द्रव शोषून घ्या. कव्हरस्लिप खाली बसताना १०एक्सवर बघत राहिलात तर बुरशीचे तंतू सपाट होत एका पातळीत येताना दिसतात. ४०एक्सची फोकसची खोली जेमतेम एक मायक्रॉन असते. तंतू एका पातळीत आले नाहीत तर एक दिसतो, दुसरा जातो, आणि सगळेच पुसट वाटते.

बुरशीची आणखी एक खोड आहे. अॅस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. थेट कॉटन ब्लूमध्ये टाकले तर प्रत्येक डोक्याभोवती हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्या काळ्या कडांमागे सगळे झाकले जाते. यावर उपाय स्वस्त आहे. स्लाइडवर आधी इथेनॉलचा एक थेंब, त्यात दोन सुयांनी नमुना विंचरा, इथेनॉल जवळजवळ उडाले की मग लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू. नमुना वसाहतीच्या काळ्याकुट्ट मध्यातून घेऊ नका. पांढऱ्या कडेच्या थोडे आत, जिथे रंग नुकता चढू लागला आहे, तिथून घ्या. मधल्या भागात लाखो सुटे बीजाणू असतात, ते पसरून क्षेत्र गढूळ करतात आणि ज्या देठावरून ओळख पटते तो देठ त्यात हरवतो.

सेलोटेपने उचललेला नमुना १०एक्सपुरता झकास. टेपच कव्हरस्लिप म्हणून वापरली तर ४०एक्सवर फार अपेक्षा ठेवू नका. तिची जाडी आणि डिंकाचा थर एकसारखे नसतात.

चौथी: कंडेन्सर आणि आयरिस

अजून एक पैसाही खर्च झालेला नाही. कंडेन्सर (स्लाइडखालची, प्रकाश नमुन्यावर एकवटणारी भिंगे) अगदी वर न्या, मग जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली घ्या. कंडेन्सर खाली घसरलेला असला की ४०एक्सला जो रुंद कोनाचा प्रकाश लागतो तो मिळतच नाही. पेच सैल झाल्यामुळे तो आपोआप खाली उतरतो, आणि हे बॅचभर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता आयपीस काढून नळीत डोकवा. मागच्या बाजूला एक उजळ वर्तुळ दिसेल. आयरिसचा दांडा सरकवत ते वर्तुळ पूर्ण रुंदीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरेल इतके ठेवा, आयपीस परत लावा. उजेड जास्त वाटला तर तो दिव्याच्या बटणाने कमी करा, आयरिसने नाही. उजेड कमी करायला आयरिस बंद करत जाण्याची सवय फार पसरलेली आहे आणि तीच नडते. आयरिस फार बंद केली की बारीक तपशील जातो आणि प्रत्येक तंतूच्या कडेला खोट्या रेघा उभ्या राहतात. बुरशी ओळखताना ही चूक महागात पडते. पावावरच्या राइझोपसच्या रुंद तंतूंमध्ये आडवे पडदे जवळपास नसतात, अॅस्परजिलसच्या तंतूंमध्ये असतात. पहिला फरकच या पडद्यांवर ठरतो. खोट्या रेघेला किंवा तंतूच्या घडीला पडदा समजलात तर पुढची सगळी ओळख चुकीच्या वाटेने जाते. शंका आली तर आयरिस थोडी उघडा: खरा पडदा फिका होतो पण राहतो, खोटी रेघ विरघळते.

उलट बाजूही आहे. न रंगवलेले, पाण्यासारखे पारदर्शक तंतू आयरिस पूर्ण उघडली की अदृश्य होतात. तेव्हा ती थोडी मिटायची, बस तेवढेच.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल आणि त्याला कंडेन्सर असेल तर सपाट आरसा वापरा, अंतर्गोल नको. थेट सूर्याकडे आरसा कधीच करू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

पाचवी: मळ नेमका कुठे आहे

ठिपके दिसत असतील तर अंदाजाने पुसत सुटू नका. आयपीस बोटांनी गोल फिरवा. ठिपके त्याच्यासोबत फिरले तर धूळ आयपीसवर. स्लाइड सरकवा, ठिपके सोबत गेले तर ते स्लाइडवर. कंडेन्सर थोडा खालीवर करा; ठिपके ठळक-पुसट होत असतील तर ते कंडेन्सरवर किंवा त्याखालच्या दिव्याच्या काचेवर. यातले काहीच झाले नाही, पण १०एक्सवर ते नाहीत आणि ४०एक्सवर आहेत, तर राहिली ४०एक्स. ठिपके नसून एकसारखी साय असेल तर तीही बहुधा तिथेच.

आयपीसवर पापण्यांचा तेलकटपणा बसतो, तो लेन्स पेपरने निघतो. कंडेन्सरच्या वरच्या काचेवर बहुधा कॉटन ब्लूचे निळे डाग असतात. त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

सहावी: ४०एक्सच्या टोकाची काच

यीस्टही दुधाळ दिसले, प्रकाश ठीक आहे, तर आता इथे थांबा, कारण बहुतेक वेळा दुखणे इथेच असते. थर येतो कुठून? सर्वांत मोठा मार्ग म्हणजे १००एक्सचे तेल. तेल टाकून १००एक्सवर बघितले, नमुना हरवला, म्हणून शोधायला पुन्हा ४०एक्स फिरवली. ती अर्ध्या मिलिमीटरवरून जाते, तेलाचा थेंब त्याहून उंच असतो. एका फेरीत लेन्स तेलात न्हाते. दुसरा मार्ग म्हणजे कव्हरस्लिपच्या कडेने बाहेर आलेला कॉटन ब्लूचा द्रव.

थर कशाचा हे आधी कळले पाहिजे, कारण दोघांचे औषध वेगळे. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये फिनॉल, लॅक्टिक आम्ल, ग्लिसरॉल आणि पाणी असते. ग्लिसरॉल वाळत नाही, काचेवर चिकट पापुद्रा धरून बसते. ते पाण्यात विरघळते, झायलीनमध्ये नाही. तेलाचे नेमके उलट. म्हणूनच ‘झायलीनने इतके पुसले तरी जात नाही’ अशी तक्रार येते. तिथे आधी पाणी लागत होते.

बघायची रीत अशी: लेन्स तबकडीतून आटे फिरवून काढा. खाली घडी केलेले फडके ठेवा, हातातून निसटली तरी काच फुटायला नको. आयपीस उलटा धरा, म्हणजे डोळा लावायची बाजू ४०एक्सच्या टोकाजवळ आणि तुमचा डोळा दुसऱ्या टोकाला. तो उत्तम भिंग होतो. दोन-अडीच सेंटिमीटरवर धरून लेन्स ट्यूबलाइटकडे हळूहळू तिरकी करा. स्वच्छ काचेवर दिव्याचे प्रतिबिंब लहान, सरळ कडांचे पडते. तेल असेल तर ते फराटल्यासारखे पसरते, कधी रंगांची झाक येते. ग्लिसरॉलच्या पापुद्र्यात धूळ रुतलेली दिसते.

आता पुसायचे. सामान एवढेच: रबरी फुगा, लेन्स पेपर, डिस्टिल्ड पाणी, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सात भाग ईथर आणि तीन भाग शुद्ध इथेनॉल यांचे मिश्रण. ईथर अतिशय ज्वालाग्राही आहे. बर्नर विझवलेला आणि खिडकी उघडी हवी.

१. फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. धुळीचा खडा राहिला आणि वर कागद घासला तर काचेवर ओरखडा कायमचा.

२. लेन्स पेपरची टोकदार सुरळी करा. सपाट कागद उपयोगाचा नाही, कारण ४०एक्सची काच इवलीशी, भोवतालच्या धातूपेक्षा किंचित आत, आणि काही प्लॅन लेन्समध्ये तर मध्ये खोलगट असते. तेल त्या खळग्यातच बसते.

३. सुरळीचे टोक डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करा. ओलसर, ठिबकणारे नाही. मध्यापासून बाहेर गोल गोल एकदाच फिरवा, टोक टाकून द्या. नव्या टोकाने पुन्हा. निळसर डाग कागदावर उमटत असेल तर तो थांबेपर्यंत.

४. मग तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ईथरच्या मिश्रणाने. तीन-चार टोके लागतात. प्रत्येक वेळी उलट्या आयपीसमधून बघा.

५. वाळून घट्ट झालेले सिडारवुड तेल (१००एक्ससाठी वापरायचे जुन्या पद्धतीचे तेल) असेल, तरच झायलीन. सुरळीच्या टोकाला स्पर्शापुरते, दोन-तीन सेकंद, आणि लगेच कोरडी सुरळी.

द्रव लेन्सवर थेट कधीही टाकू नका. काचेच्या कडेतून तो आत झिरपतो, आतल्या काचांना जोडणारा डिंक सुटतो, आणि मग आगीतून फुफाट्यात. अॅसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर बाद. दवाखान्यातले स्पिरिटही टाळा, अनेकदा ते स्वतःचाच थर मागे ठेवते. खिशातला रुमाल, साडीचा पदर, टिश्यू पेपर यांनी काच पुसू नका.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा माउंट वापरत असाल तर विशेष जपा. १० ते २० टक्क्यांचे हे द्रावण काचेला खाते. लेन्सला लागले तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, त्याच मिनिटाला पाण्याच्या सुरळीने दोनदा पुसा. कॉटन ब्लूतल्या फिनॉलने त्वचा भाजते. हातमोजे घाला.

लेन्स परत लावा, यीस्टची स्लाइड बघा. पुसण्याआधीचे आणि नंतरचे चित्र इतके वेगळे असते की आणखी शंका उरत नाही.

सातवी: टोक आत अडकले आहे का

४०एक्सच्या टोकाला स्प्रिंग असते. स्लाइडला टेकले तर टोक आत दबते आणि काच वाचते. याच फटीत तेल वाळते आणि टोक दबलेलेच राहते. लक्षण असे: १०एक्सवरून ४०एक्सवर आलात की पूर्वी बारीक नॉबच्या अर्ध्या फेऱ्यात फोकस लागायचा, आता खूप फिरवावे लागते किंवा लागतच नाही. टोक बोटाने (काचेला न शिवता, धातूच्या कडेला) हळूच दाबा आणि सोडा. चटकन बाहेर आले पाहिजे. चिकटत असेल तर कडेच्या फटीवर अल्कोहोलने ओलसर केलेली सुरळी फिरवा. दोन-तीनदा करूनही मोकळे झाले नाही तर पक्कड लावू नका.

लेन्स बदललेली असेल तर तिची लांबीही बघा. काही मायक्रोस्कोपांच्या लेन्स बसण्याच्या कडेपासून नमुन्यापर्यंत ४५ मिलिमीटरच्या हिशेबाने बनवलेल्या असतात, जुन्या काहींच्या ३६च्या आसपास. आटे एकच असल्याने एकीची लेन्स दुसऱ्यात बसते, पण फोकस जुळत नाही आणि लांब लेन्स स्लाइडवर आपटते. एका प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वर्षी घेतलेले मायक्रोस्कोप असतील तर ही अदलाबदल होतेच. प्रत्येक लेन्सवर मायक्रोस्कोपचा नंबर लिहिलेली छोटी चिकटपट्टी लावलेली बरी.

आठवी: लेन्स अदलून बघा

त्याच बनावटीचा दुसरा मायक्रोस्कोप असेल तर त्याची ४०एक्स तुमच्या नळीला लावा. स्वच्छ दिसले तर दोष तुमच्या लेन्सच्या आत आहे. तरीही धूसर असेल तर दोष नळीत, प्रिझममध्ये किंवा वरच्या काचांत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दुरुस्तीवाल्याला हे सांगता आले तर त्याचाही अर्धा दिवस वाचतो.

लेन्सवरच उगवलेली बुरशी

काखेत कळसा म्हणतात तो असा. लेन्स उजेडासमोर धरून मागच्या बाजूने आत बघा. कडेकडून मध्याकडे फांद्या फुटत गेलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. धूळ अशी फांद्या फोडत नाही. बाहेरच्या काचेवर नुकती आलेली असेल तर वरच्या पद्धतीने निघते. जुनी असेल तर तिने सोडलेली आम्ले काचेवरचा लेप खातात, बुरशी गेली तरी खुणा राहतात. आतल्या काचांवर असेल तर हात लावू नका.

कारण दमटपणा. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि मायक्रोस्कोप असतो प्लास्टिकच्या आवरणाखाली बंद कपाटात. ते आवरण धूळ अडवते, ओलावा कोंडते. जुन्या प्रयोगशाळांत लाकडी कपाटाच्या तळाशी छोटा बल्ब सतत जळत असे, तो उजेडासाठी नव्हता, उबेसाठी होता. त्या जागी एलईडी आला, वीज वाचली, ऊब गेली.

हवाबंद डब्यात लेन्स आणि आयपीस ठेवा, सोबत २०० ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की (निळे गुलाबी होते, नारिंगी हिरवे) ते ११०-१२० अंश सेल्सिअसला दोन तास तापवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते; ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. वातानुकूलित खोलीतून मायक्रोस्कोप बाहेर काढलात तर काचेवर दव धरते. ते आपोआप सुकू द्या, मगच पुन्हा झाका.

इथे थांबा, तंत्रज्ञाला बोलवा

दोन चित्रे दिसत असतील. बुरशी, धुके किंवा बर्फाच्या नक्षीसारखे डाग आतल्या काचांमध्ये असतील. लेन्सच्या आत इंद्रधनुषी पट्टे दिसत असतील, म्हणजे डिंक सुटला आहे. टोक अडकलेले मोकळे होत नसेल. नॉब फिरवताना दात घसरल्यासारखे वाटत असेल. दिव्यातून जळका वास येत असेल, तर आधी प्लग काढा आणि मगच फोन करा.

लेन्सचे आटे उघडून आतल्या काचा काढायच्या मोहात पडू नका. त्या काचांमधली अंतरे मिलिमीटरच्या शतांशात जुळवलेली असतात. घरी उघडलेली लेन्स पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. विद्यार्थी दर्जाच्या मायक्रोस्कोपची ४०एक्स असेल तर दुरुस्तीच्या भावात नवी येते का, हे आधी विचारा. मागवताना १६० की अनंत, लांबी ४५ की ३६ आणि आट्याचा व्यास हे तिन्ही सांगा. महागड्या संशोधन दर्जाच्या लेन्ससाठी मात्र बनवणाऱ्या कंपनीचाच तंत्रज्ञ.

चित्र लख्ख झाले तरी बुरशी ओळखू येत नसेल तर दोष लेन्सचा नाही. ४०एक्सवर वंशापर्यंत जाता येते, जातीपर्यंत दरवेळी नाही. शुद्ध वसाहत वाढवून ती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहाकडे ओळखीसाठी देता येते. आणि रुग्णाच्या नाकातला, त्वचेचा किंवा थुंकीचा नमुना हौसेने तपासू नका. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या माउंटमध्ये रुंद, पडदे नसलेले तंतू बघून पहिला अंदाज बांधला जात होता. तो अंदाज बांधणारे सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रशिक्षित डॉक्टर होते, आणि नमुना सुरक्षा कॅबिनेटमध्ये उघडला जात होता. असा नमुना पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतच द्या.

तेल परत चढू नये म्हणून

१००एक्ससाठी तेल टाकले की ४०एक्सकडे परत फिरायचे नाही. नमुना हरवला तर तबकडी उलट बाजूने फिरवून १०एक्सवर या. तिला पुरेशी उंची आहे, तेल लागत नाही. तिथे नमुना मध्यावर आणा आणि त्याच वाटेने परत १००एक्सवर जा. ४०एक्सवर बघायचेच असेल तर आधी स्लाइडवरचे तेल पुसा. बॅच संपली की १००एक्स कोरड्या लेन्स पेपरने टिपा, ४०एक्स एकदा उलट्या आयपीसमधून बघा, सर्वांत कमी ताकदीची लेन्स खाली आणून ठेवा.